ग्रामसभा घरी यायची

आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या चार शाखा आहेत आणि चारही मीच आहे. सकाळी पहिल्या तासाला मी राजकीय सिद्धांत असतो, दुसऱ्याला लोकप्रशासन, मधल्या सुट्टीनंतर तौलनिक शासन आणि डबा खाऊन झाल्यावर आंतरराष्ट्रीय संबंध. मंजूर जागा चार, भरलेली एक. उरलेल्या तीन जागांबद्दलचा पत्रव्यवहार इतका जुना झाला आहे की त्या फायलीवरच एखाद्याला लोकप्रशासनात पीएच.डी. करता येईल.

महाविद्यालय वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. तालुका सांगत नाही. सांगितला तर पुढे जे खेडं येणार आहे ते ओळखू येईल, आणि त्या खेड्यातल्या लोकांनी मला चहा पाजलेला आहे.

इथे मला सगळे 'राजकारणाचे सर' म्हणतात. सलूनमध्ये खुर्चीत बसलो की मानेला कापड गुंडाळायच्या आत प्रश्न येतो, यंदा कोण निवडून येणार. शास्त्र असं सांगत नाही, असं मी सांगतो. न्हाव्याला माझ्याबद्दल वाईट वाटतं. इतकी वर्षं शिकवूनही माणसाला एवढं साधं सांगता येऊ नये, असा त्याचा चेहरा होतो आणि तो कैची जरा हळू चालवतो.

खरं सांगायचं तर या विषयातलं बरंचसं मी विद्यार्थ्यांकडून शिकलो. परदेशातून येणाऱ्या खाद्यतेलावरचं शुल्क खाली आलं की वाशीमच्या बाजारात सोयाबीनचं काय होतं, हे शेवटच्या बाकावरच्या मुलांना तोंडपाठ असतं. 'राष्ट्रहित' ही संकल्पना शिकवताना एकदा मीच खडू ठेवून त्यांचं ऐकत बसलो होतो. आदल्या वर्षीचं माझं टिपण मी त्या दिवशी टाकून दिलं.

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आता संशोधन प्रकल्प असतो. प्रकल्प म्हटलं की महाविद्यालयाच्या फाटकासमोरचं झेरॉक्स आणि मराठी टायपिंगचं दुकान आलंच. दुकानदाराला आम्ही सगळे चाचा म्हणतो. वडिलांचं शिवणकाम सोडून त्यांनी संगणक घेतला, पण टेप अजून गळ्यात घातल्यासारखी मान ठेवून बसतात. तालुक्यातले सगळे प्रबंध गेली कित्येक वर्षं त्यांच्या बोटांखालून गेले आहेत. राज्यशास्त्र त्यांच्याइतकं कोणी वाचलेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांच्याइतका अनादरही कोणाला नाही.

"सर, व्याप्ती बसवून देऊ काय?" ते विचारतात. पहिलं प्रकरण म्हणजे 'राज्यशास्त्र : अर्थ, स्वरूप व व्याप्ती'. ते त्यांच्याकडे तयार असतं. सोळा पानांची व्याप्ती आहे, घाई असेल तर आठ पानांचीही आहे. तिसरं प्रकरण 'संशोधन पद्धती', तेही तयार. फक्त गावाचं नाव बदलायचं. एकदा इंझोरीवरच्या प्रबंधात एके ठिकाणी चुकून किन्हीराजा राहून गेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं आणि दोन गावांचा तौलनिक अभ्यास केल्याबद्दल विद्यार्थ्याची पाठ थोपटली. तेव्हापासून चाचा कधीकधी मुद्दाम एक गाव राहू देतात, असा मला संशय आहे.

या दुकानाच्या सावलीत रोज सकाळी एक मोटारसायकल उभी राहायची. तिच्यावरून एक बाई उतरायच्या, पदर सारखा करायच्या, डबा आणि वह्या घेऊन वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा नोकरीला लागलेला. दहावीनंतर लग्नात गेलेलं शिक्षण त्यांनी बाहेरून परीक्षा देत देत परत आणलं होतं. वर्गातल्या मुली त्यांना काकू म्हणायच्या आणि मुलं, जरा अंतर ठेवून, सरपंचबाई. कारण त्या होत्याच. महिलांसाठी जागा राखीव झाली तेव्हा त्या आपल्या गावच्या पाच वर्षं सरपंच होत्या.

मोटारसायकलवाले त्यांचे यजमान. ते तास संपेपर्यंत चाचांच्या दुकानात पेपर वाचत बसायचे. एसटीच्या भरवशावर राहिलं तर पहिला तास बुडतो, आणि पोहरादेवीची यात्रा असली की सगळ्या गाड्या तिकडेच वळवलेल्या असतात, म्हणून ते स्वतः आणून सोडायचे. दोन वर्षांत एकही दिवस चुकलेला मी पाहिला नाही. बायको 'डॉक्टर' होणार असं त्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. एम.ए.ने कोणी डॉक्टर होत नाही, हे त्यांना सांगायचं मी नेहमी पुढच्या आठवड्यावर टाकायचो.

एकदा प्रतिनिधित्वाचे सिद्धांत शिकवत होतो. प्रतिनिधीने मतदारांचं ऐकावं की स्वतःच्या विवेकाचं, हा नेहमीचा वाद. पहिल्या बाकावरून हात वर झाला.

"सर, प्रतिनिधीचाच कोनी प्रतिनिधी असला, तर शास्त्रात त्याले काय म्हणते?"

"सरपंचपती," मी म्हटलं.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली रेघ मारली. ती रेघ पाहून मला पहिल्यांदा वाटलं की आपण विनोद करायला नको होता.

प्रकल्पासाठी त्यांनी विषय घेतला 'ग्रामसभेतील महिलांचा सहभाग', आणि गाव आपलंच. मी मार्गदर्शक. विद्यापीठाच्या नमुन्यावरून प्रश्नावली करून दिली. ग्रामसभेत महिलांना बोलू दिलं जातं, महिलांच्या सूचनांची नोंद होते, अशी विधानं, आणि प्रत्येकापुढे पाच चौकोन : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. जगभर चालणारी पद्धत आहे. जगात त्यांचं गाव येत नाही, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

बाई प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन सकाळी पहिल्या आळीत गेल्या. दुपारपर्यंत बातमी सगळ्या गावात पोचली होती आणि त्यांच्या अंगणात बायकांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो. आमच्याकडे कागदावर प्रश्न छापून घरी कोणी आलं तर ते एकाच कारणासाठी येतं. काहीतरी मिळणार असतं. फॉर्म नीट भरला, उत्तरं सरकारला आवडतील अशी दिली, की नाव यादीत येतं. एका म्हातारीने पाचही चौकोनांवरून बोट फिरवलं आणि प्रेमाने विचारलं, "बाई, यातलं तुले कोनतं लागते?" मग तिच्या सुनेने सगळ्या ओळींत 'पूर्ण सहमत' करून दिलं. कंजुषी कशाला.

बाईंनी समजावून सांगितलं की ही योजना नाही, हा अभ्यास आहे. बायकांनी माना डोलावल्या आणि झेरॉक्सच्या प्रती तिथेच ठेवून गेल्या, असू द्या म्हणाल्या.

गठ्ठा माझ्या टेबलावर आला तेव्हा त्या गावात लोकशाही परिपूर्ण होती. एकही असहमत नव्हतं. असला निकाल पाहिला की तौलनिक शासनवाल्या माणसाला वेगळ्याच राजवटी आठवतात. चाचांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, छान आहे, तक्ते काढायला सोपं जाईल, सगळे खांब एकाच उंचीचे.

मी बाईंना म्हटलं, कागद घरी ठेवा. काही न लिहिता बोला. निरीक्षण आणि मुक्त मुलाखत, हीसुद्धा पद्धतच आहे. फक्त घरी आल्यावर लगेच लिहून काढा.

तसं त्यांनी केलं. सोयाबीनचं निंदण चालू होतं. बाई रोज कोणा ना कोणाच्या ओळीत उभ्या राहायच्या आणि खुरपं चालवत बोलायच्या. सरपंच राहिलेली बाई दुसऱ्याच्या शेतात निंदते आहे म्हणून आधी थोडी कुजबुज झाली. मग सवय झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी सहज विचारलं, ग्रामसभेत तुम्ही कोणी कधी बोललात का. बायका म्हणाल्या, गेलंच कोण बोलायला, ग्रामसभाच घरी यायची. म्हणजे रजिस्टर यायचं. शिपाई दारात उभा राहायचा, भाकरी थापता थापता ओल्या हाताचा अंगठा नाहीतर सही, की सभा झाली. काहींना वाटायचं ते रेशनचं रजिस्टर आहे.

तेवढ्यात शेजारच्या ओळीतली एकजण कंबर सरळ करत म्हणाली, "आमाले इचारून राह्यली तू. अन् तू तरी कुटी आलती व? पयल्या एका बारीले आलती, मंग पाच वर्स तुही खुर्ची रिकामीच होती."

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या, असं त्यांनी मला सांगितलं. मग ओळ पूर्ण केली, घरी गेल्या, हातपाय धुतले आणि मी सांगितलं होतं त्याप्रमाणे लगेच सगळं लिहून काढलं. लिहिताना, त्या म्हणाल्या, अक्षर वाकडं येत होतं.

पंधरा दिवसांनी चौथं प्रकरण माझ्या हातात पडलं. बाईंनी ग्रामपंचायतीत रीतसर अर्ज करून आपल्या कारकिर्दीतल्या ग्रामसभांच्या नोंदी पाहिल्या होत्या. इतिवृत्तं सुंदर होती. 'सखोल चर्चेअंती सर्वानुमते' असे शब्द पानोपानी. आणि प्रत्येक सभेच्या शेवटी, अध्यक्ष म्हणून, त्यांची स्वतःची सही. त्यांनी सरळ लिहिलं होतं की पहिली सभा सोडली तर यांपैकी एकाही सभेला अध्यक्ष हजर नव्हती. सह्या तिच्या घरी झाल्या. रजिस्टर तिचे पती आणायचे. वाचायला वेळ मिळायचा नाही, आणि तिने मागितलाही नाही. त्या पाच वर्षांत अध्यक्षाने स्वतःच्या हाताने केलेलं काम म्हणजे पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढणं.

मी ते प्रकरण दोनदा वाचलं. माझ्या हाताखाली झालेलं सगळ्यात चांगलं काम होतं. मग मी, लोकशाहीवर वर्षाला इतके तास बोलणारा माणूस, म्हणालो की हे काढून टाकावं.

मला कारणं सुचत गेली. त्यांचे यजमान येत्या निवडणुकीत पॅनल उभं करणार होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. विरोधकांच्या हाती हे पडलं तर ते दुसरं काही छापणार नाहीत. शिवाय हजर नसलेल्या सभेवर अध्यक्षाची सही म्हणजे प्रश्न फक्त लाजेचा राहत नाही, कायद्याचा होतो. आणि घर. हे रोज सकाळी बाहेर सावलीत बसलेले गृहस्थ. हे सगळं मी बोललो नाही. मी शास्त्रीय भाषा वापरली.

"हे तुमच्या संशोधनाच्या व्याप्तीबाहेर जातंय," मी म्हटलं.

"व्याप्ती कोन ठरवते, सर?"

"संशोधक ठरवतो."

"मंग मीच ना?"

मग त्या म्हणाल्या की त्या हे काढणार नाहीत, पण घरच्यांना न सांगता जमाही करणार नाहीत. त्यांच्या मागून करायचं, म्हणजे त्यांनी जे केलं तेच आपण करायचं. त्यांनी वाचावं. वाचून नको म्हणाले तर दुसरा विषय घेऊन पुढच्या वर्षी बसेन, आणि पुढच्या वर्षी कोण सोडायला येईल ते तेव्हा पाहू. फक्त वाचताना सर तुम्ही खोलीत असा, एवढं त्यांनी मागितलं.

टाइप करताना चाचा दोनदा थांबले. दुपारी मला म्हणाले, "सर, असं प्रकरण माझ्यापाशी नाई. सोळाचंबी नाई, आठाचंबी नाई." मग आवाज उतरवून म्हणाले की उद्या कोणी याच्या शंभर प्रती काढायला आला, तर मशीन बंद आहे म्हणून सांगेन. धंदा बुडेल त्या दिवशी. बुडू दे.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास झाल्यावर बाईंनी यजमानांना विभागात बोलावलं. आमचा विभाग म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि चार शाखांची चार कपाटं, त्यातल्या एकाची किल्ली सापडत नाही. ते दारात चपला काढू लागले. मी नको म्हटलं तरी काढल्याच. मी त्यांना भाऊ म्हणायचो. त्यांच्यापुढे बाईंनी टाइप केलेले कागद ठेवले आणि म्हणाल्या, वाचा.

ते ओळीवर बोट ठेवून वाचणारे. मी हजेरीपट उघडला आणि ज्यांची हजेरी आधीच भरलेली होती ती परत तपासू लागलो. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून बाईंनी एका कोपऱ्यावर डबा ठेवला होता. दुसऱ्या पानावर भाऊंचं बोट थांबलं, मागच्या ओळीवर गेलं, परत पुढे आलं. चौथं पान संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि घातला नाही.

"हे बरोबर नाई," ते म्हणाले.

बाई ताठ बसल्या. "काय बरोबर नाई?"

"रजिस्टर तुले सैपाकखोलीत देलं म्हून लिवलं तू. पयल्या बारीले तू आंगनात मिरच्याचे देठं तोडून राह्यलती. तुहे हात तिखट होते. म्हून म्याच पान धरलं होतं, अन् तू सई केली."

बाईंनी आठवून पाहिलं. मग म्हणाल्या, हो, मिरच्या होत्या. पेन काढून त्यांनी समासात दुरुस्ती केली. सवयीने, मी शिकवलेल्या क्रमाने, पुढचा प्रश्न विचारला. "त्या टायमाले तुमाले काय वाटून राह्यलं होतं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, हे इचारनं अभ्यासात हाय काय?"

मी म्हटलं, आहे, याला मुलाखत म्हणतात, आणि उत्तर द्यायची सक्ती नसते.

सक्ती नसते म्हटल्यावर माणसं बोलतात, हे कुठल्याही पुस्तकात असायला हवं. भाऊ बोलू लागले. बाई त्या पहिल्या सभेला गेल्या होत्या, तेव्हा एकाने नालीच्या कामाचा प्रश्न विचारला. बाई उत्तर देताना अडखळल्या आणि मागच्या रांगेतून कोणीतरी त्यांची नक्कल केली. सगळे हसले. बाईंना ते आठवतच नव्हतं. भाऊंना नक्कल करणाऱ्याचा आवाजसुद्धा आठवत होता. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की हिला परत त्या लोकांत बसवायचं नाही. पुढच्या वेळी रजिस्टर घरी आणलं. तिच्या भल्यासाठीच आणलं होतं.

इथे ते थांबले. बाई लिहिता लिहिता थांबल्या नाहीत. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, मग दुसऱ्या बारीले? आणि तिसऱ्या?

भाऊ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"पयल्यांदा तुह्यासाठी केलं," ते म्हणाले. "मंग मले गोडी लागली."

बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं, जसंच्या तसं. लिहून झाल्यावर त्यांनी पेनचं टोपण लावलं, आणि एवढा वेळ कोरडे राहिलेले डोळे तेव्हा भरून आले. त्यांनी पदराने पुसले. भाऊ खिडकीबाहेर मोटारसायकल नीट उभी आहे का ते पाहत राहिले. मी हजेरीपटात एका मुलाला अनुपस्थित केलं, जो वर्गात होता.

मग विद्यापीठाच्या संमतिपत्राचा चार पानी नमुना निघाला. संशोधनाचा हेतू मला समजला आहे, मी स्वेच्छेने माहिती देत आहे, कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकतो, वगैरे. बाईंनी चारही पानं त्यांना वाचून दाखवली. माझ्या दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने असं कधी केलं नव्हतं. आमच्याकडे संमतिपत्रावरच्या सह्याही गठ्ठ्याने होतात. माघार घेण्याचं कलम आलं तेव्हा भाऊंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि ते परत वाचायला लावलं. ऐकून म्हणाले, बरं हाय हे, आणि सही केली.

पॅनलचं काय, असं मी जाताना विचारलं. ते चपला घालत म्हणाले, पाहू, लोकं ठरवतीन. नंतर जरा हसून म्हणाले की नाहीतरी गावात हे कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माहीत असणं वेगळं आणि बांधणी करून ग्रंथालयात असणं वेगळं, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. त्यांचं स्वागत, परिचय, शाल, श्रीफळ, त्यांच्या विद्वत्तेवर प्राचार्यांचं भाषण आणि त्या भाषणाबद्दल परीक्षकांचे आभार, यात पाऊण तास गेला. परीक्षा त्याहून कमी वेळाची असते. शाल उकाड्यात खांद्यावर ठेवूनच ते बसले, कारण ती केव्हा काढायची याचा आमच्याकडे संकेत नाही.

पण माणूस वाचून आला होता. आमच्याकडे हे इतकं क्वचित घडतं की मी घाबरलो. त्यांनी सरळ चौथं प्रकरण उघडलं. नमुना निवड कशी केली, रजिस्टरमधल्या नोंदी आणि मुलाखती एकमेकींशी कशा ताडून पाहिल्या, हे विचारलं. बाईंनी सांगितलं. त्या जपून, पुस्तकी मराठीत बोलत होत्या. मग परीक्षक म्हणाले, "संशोधकाने स्वतःलाच अभ्यासात घेणं वस्तुनिष्ठतेत बसत नाही. स्वतःला वगळून हे लिहिता आलं नसतं का?"

"सर, त्या रजिस्टरमध्ये सगळ्यात जास्त सह्या माझ्या आहेत," बाई म्हणाल्या. "मी मलेच वगळलं असतं तर बाकीच्या बायकायले इचाराचं तोंड राह्यलं नसतं."

परीक्षकांनी पान उलटलं. मुलाखतीच्या भागावर आले आणि बराच वेळ वाचत राहिले. मग विचारलं की यातल्या पतींना हे छापलं जाणार आहे याची कल्पना आहे का. बाई म्हणाल्या, ते बाहेर बसले आहेत.

खरं तर असं कोणाला आत बोलावत नाहीत. परीक्षकांनी बोलावलं. भाऊ अनवाणी आत आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पुढे बांधलेले. प्राचार्यांना वाटलं ते श्रीफळाची पिशवी न्यायला आलेत, त्यांनी ती पुढे केली. भाऊंनी ती घेतली आणि सगळा वेळ हातात धरून उभे राहिले. परीक्षकांनी विचारलं, तुम्ही दिलेली माहिती तुमच्या मर्जीने दिली का.

"हाव, साहेब," भाऊ बाईंकडे मान वळवून म्हणाले. "पाच वर्स म्या यायच्या सह्या घेतल्या, वाचू न देता. यायनं माही एकच घेतली. थेबी चार पानं वाचून दाखवून."

परीक्षकांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. आणखी प्रश्न विचारले नाहीत. गुण किती दिले ते मला माहीत आहे, पण सांगायची परवानगी नाही. मला फाटकापर्यंत जाऊन चाचांना हाताने खूण करावीशी वाटली, एवढं सांगतो.

मी दोघांना सोडायला बाहेर आलो. बाईंनी आपली बांधलेली प्रत भाऊंच्या हातात दिली आणि डबा मोटारसायकलला अडकवू लागल्या. भाऊ तिथेच उभ्या उभ्या पानं चाळू लागले. चौथं प्रकरण सापडलं, मुलाखत सापडली. वरून खाली बोट नेलं, परत वर आणलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सर, याच्यात माहं नाव कुटी हाय?"

मी सांगितलं की नाव नसतं. माहिती देणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून फक्त क्रमांक देतात. त्यांचा चौदा. ही संशोधनाची नीती आहे.

त्यांनी त्या चौदा आकड्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मला खरोखर खट्टू झालेले दिसले.

"मंग लोकायले कसं कळन," ते म्हणाले, "का खरं सांगनारा मी होतो म्हून?"

बाईंनी त्यांच्या हातातून प्रत घेतली, मांडीवर नीट राहील अशी पदरात गुंडाळली आणि मागच्या सीटवर बसल्या.

"मी सांगन ना," त्या म्हणाल्या. "चला."